गुंतवणूक कंपनीच्या भागधारणेचा तक्ता कसा वाचावा

सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाकडे कितीही भाग असले तरी सर्वसाधारण सभेत त्याला एकच मत असते. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यानेच तसे ठरवून दिले आहे, आणि जुन्नरच्या विघ्नहर किंवा आंबेगावच्या भीमाशंकर कारखान्याशी संबंध असलेल्या खोडद ते मंचर पट्ट्यातील वाचकाला हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत मात्र मत माणसाला नसून शेअरला असते, म्हणजे ज्याच्याकडे जितके शेअर तितकी त्याची मते, आणि त्यामुळे कंपनीचे शेअर घेण्यापूर्वी त्या कंपनीची मते कोणाकोणाच्या हाती आहेत हे पाहणे नफा-तोट्याचा हिशेब पाहण्याइतकेच आवश्यक ठरते. कंपनी जर गुंतवणूक कंपनी असेल, तर हा प्रश्न दोन मजल्यांवर विचारावा लागतो: तिची मालकी कोणाची, आणि ती स्वतः कोणाची मालक.

गुंतवणूक कंपनी म्हणजे जिची मुख्य मालमत्ता कारखाना, दुकान किंवा गोदाम नसून इतर कंपन्यांचे शेअर व रोखे हीच असते, आणि जिचे उत्पन्न प्रामुख्याने लाभांश, व्याज व शेअरविक्रीतून येते अशी कंपनी. अशा कंपन्यांची उदाहरणे शोधायला पुणेकर वाचकाला दूर जावे लागत नाही. आकुर्डीची बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट, तिचीच उपकंपनी असलेली महाराष्ट्र स्कूटर्स, मुंढव्याची कल्याणी इन्व्हेस्टमेंट आणि किर्लोस्कर इंडस्ट्रीज या सर्व पुण्याच्याच. मुंबईत १९३७ साली स्थापन झालेली टाटा इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन ही या जातीतील जुनी आणि नावाजलेली कंपनी. त्यांतील बजाज होल्डिंग्जची जन्मकथा विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. ती १९४५ साली नोंदली गेलेली मूळ बजाज ऑटो कंपनीच होय; २००७-०८ च्या विभाजनात वाहनांचा व्यवसाय एका नव्या कंपनीकडे आणि वित्त व विम्याचा व्यवसाय बजाज फिनसर्व्हकडे गेला, नव्या वाहन कंपनीने 'बजाज ऑटो' हे नाव घेतले, आणि जुनी कंपनी नाव बदलून केवळ गुंतवणूक सांभाळणारी कंपनी म्हणून उरली. आज तिच्याकडे बजाज ऑटोचा जवळजवळ एक तृतीयांश हिस्सा, बजाज फिनसर्व्हचा चाळीस टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा आणि महाराष्ट्र स्कूटर्सचा ५१ टक्के हिस्सा आहे.

भागधारणेचा तक्ता प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला दर तिमाही संपल्यापासून २१ दिवसांच्या आत शेअर बाजाराकडे द्यावा लागतो. सेबीच्या २०१५ च्या सूचीकरण व प्रकटीकरण नियमांतील ३१ वा नियम त्यासाठी आहे. मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांच्या संकेतस्थळांवर कंपनीचे नाव टाकले की हा तक्ता विनामूल्य दिसतो, तेव्हा त्यासाठी कोणा सल्लागाराला पैसे मोजण्याचे कारण नाही. तक्त्याचे मुख्य भाग दोन: प्रवर्तक व प्रवर्तक समूह, म्हणजे कंपनी ज्यांनी उभारली किंवा ज्यांचे तिच्यावर नियंत्रण आहे ते कुटुंब आणि त्यांच्या संस्था, आणि 'सार्वजनिक' भागधारक, ज्यांत देशी संस्था, परकीय संस्था, सरकार आणि बिगरसंस्थात्मक व्यक्ती व कंपन्या यांची वेगवेगळी नोंद असते. कर्मचाऱ्यांसाठीचे न्यास वगैरेंसाठी एक तिसरा छोटा भाग असतो, तो बहुतेक वेळा रिकामा किंवा नगण्य असतो. सार्वजनिक गटात ज्याच्याकडे एक टक्का किंवा त्याहून अधिक शेअर आहेत त्याचे नाव छापले जाते, आणि ही नावेच तक्त्यातील सर्वांत बोलका भाग असतात.

प्रवर्तकांच्या टक्केवारीकडे पाहताना तीन उंबरठे ध्यानात असावेत. पन्नास टक्क्यांच्या वर असलेला गट साधे ठराव, म्हणजे संचालकांची नेमणूक, लाभांशाची मंजुरी यांसारखे ठराव, एकट्याच्या बळावर मंजूर करून घेऊ शकतो. कंपनीची नियमावली बदलणे किंवा भांडवल कमी करणे अशा विशेष ठरावांना मात्र पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मते लागतात, आणि म्हणून पाव हिश्श्याहून थोडा अधिक वाटा असलेला भागधारक काही घडवू शकत नसला तरी पुष्कळ काही अडवू शकतो. उद्योगक्षेत्रात २६ टक्क्यांना जे महत्त्व आहे ते यामुळेच. तिसरा उंबरठा ७५ टक्क्यांचा: १९५७ च्या रोखे करार नियमांनुसार नोंदणीकृत कंपनीत किमान २५ टक्के शेअर सार्वजनिक हाती असावेच लागतात. कल्याणी इन्व्हेस्टमेंटमध्ये प्रवर्तकांचा वाटा या मर्यादेला अगदी टेकलेला आहे, आणि टाटा इन्व्हेस्टमेंटमध्येही तो ७३ टक्क्यांच्या वर आहे. अशा कंपनीत सर्वसामान्य भागधारकाच्या मताला विशेष ठरावातही फारसे वजन उरत नाही, हे शेअर घेतानाच समजून घेतलेले बरे.

टक्केवारी कळली म्हणजे सत्ता कळली, असे मात्र नाही, आणि याचे महाराष्ट्र स्कूटर्सइतके बोधप्रद उदाहरण सापडणे कठीण. ही कंपनी १९७५ साली बजाज ऑटो आणि राज्य सरकारचे पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून साताऱ्यात स्कूटर बनवण्यासाठी काढली. तिच्या 'प्रिया' स्कूटरची आठवण त्या पिढीला अजून आहे. महामंडळाकडे २७ टक्के आणि बजाजकडे २४ टक्के शेअर होते, आणि दोघेही प्रवर्तक असल्याने तक्त्यात प्रवर्तकांचा वाटा ५१ टक्के असा भक्कम दिसे. प्रत्यक्षात ती दोन स्वतंत्र घरे होती आणि त्यांच्यातील कराराप्रमाणे ज्याला बाहेर पडायचे असेल त्याने आपले शेअर आधी दुसऱ्याला देऊ करायचे होते. २००३ मध्ये महामंडळाने विकण्याची तयारी दाखवली, किमतीवर एकमत झाले नाही, प्रकरण लवादाकडे गेले आणि २००६ मध्ये निवृत्त मुख्य न्यायमूर्ती अरविंद सावंत यांनी प्रतिशेअर १५१ रुपये ६३ पैसे ही किंमत ठरवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २०१० मध्ये तो निवाडा रद्द केला, कारण सार्वजनिक कंपनीचे शेअर मुक्तपणे हस्तांतरणीय असले पाहिजेत या तत्त्वाशी आधी-हक्काचे कलम विसंगत आहे, असे त्या पीठाचे मत पडले. खंडपीठाने २०१५ मध्ये तो निवाडा पुन्हा उभा केला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामंडळाचे अपील फेटाळले. त्याच वर्षी ते २७ टक्के बजाज होल्डिंग्जकडे आले.

दरम्यानच्या काळात स्कूटरचे उत्पादन थांबले होते, महाराष्ट्र स्कूटर्सकडे बजाज समूहातील कंपन्यांच्या शेअरचा साठा उरला होता, आणि त्या साठ्याचे मोल वाढत गेल्याने निकालाच्या वेळी कंपनीच्या शेअरचा बाजारभाव हजारांच्या घरात पोहोचला होता. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने हा सौदा कसा झाला, याचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा. भागधारणेच्या अभ्यासकाला त्यातून एवढे मिळते की 'प्रवर्तक ५१ टक्के' हा एकच आकडा २००३ मध्ये दोन परस्परविरोधी पक्षांचा होता आणि २०१९ नंतर एकाच मालकाचा झाला, आणि या सोळा वर्षांत तक्त्याच्या बेरजेच्या ओळीत त्याचा मागमूसही दिसला नाही. म्हणून बेरीज पाहून थांबू नये. प्रवर्तकांच्या नावांची यादी उघडावी, त्यांत एकच कुटुंब आहे की दोन-तीन शाखा, सरकारी महामंडळ किंवा परकीय भागीदार आहे का हे पाहावे, आणि वार्षिक अहवालात भागधारकांमधील कराराचा उल्लेख आहे का हे शोधावे.

यापुढची पायरी वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्याकडे पाहण्याची. समजा एका कुटुंबाकडे गुंतवणूक कंपनीचे ६० टक्के शेअर आहेत आणि त्या कंपनीकडे एका कारखानदार कंपनीचे ४० टक्के शेअर आहेत. तेव्हा कारखानदार कंपनीच्या नफ्यात कुटुंबाचा खरा वाटा ६० चा ४० टक्के, म्हणजे २४ टक्के. पण तिच्या सर्वसाधारण सभेत ४० टक्के मते कोणत्या बाजूला पडतील हे ते कुटुंबच ठरवते, कारण गुंतवणूक कंपनीच्या संचालक मंडळावर त्याचे बहुमत असते. उरलेल्या १६ टक्क्यांचे पैसे गुंतवणूक कंपनीच्या सर्वसामान्य भागधारकांचे असतात आणि मत मात्र दुसऱ्याचे असते. गुंतवणूक कंपनी हे नियंत्रणाचे साधन कसे बनते, ते या साध्या गुणाकारातून दिसते. त्यात बेकायदेशीर काही नाही, मात्र या मताचे मोल आपल्या खिशातून जाते हे भागधारकाला ठाऊक असावे.

परस्पर भागधारणेचा गुंताही याच मजल्यांवर आढळतो. महाराष्ट्र स्कूटर्सकडे बजाज होल्डिंग्जचे सुमारे तीन टक्के शेअर आहेत, म्हणजे उपकंपनीच मुख्य कंपनीची भागधारक आहे. कंपनी कायद्याच्या १९ व्या कलमानुसार उपकंपनीने मुख्य कंपनीचे नवे शेअर घेऊ नयेत, आणि ती उपकंपनी होण्यापूर्वीपासून जे शेअर तिच्याकडे होते ते ठेवता आले तरी त्यांवर तिला मतदान करता येत नाही. याचा अर्थ प्रवर्तकांच्या यादीतील प्रत्येक टक्का हा मतदानाचा टक्का असतोच असे नाही. लाभांश मात्र त्या शेअरनाही मिळतो.

आता संस्थात्मक गुंतवणूकदारांकडे वळावे. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, निवृत्तिवेतन निधी, बँका आणि परकीय पोर्टफोलिओ गुंतवणूकदार हे या गटात येतात, आणि 'मोठ्यांनी घेतला म्हणजे शेअर चांगला' हा समज बाजारात इतका पसरलेला आहे की त्याची उलटतपासणी करणे भाग आहे. संस्थांवर मर्यादाही असतात: एका म्युच्युअल फंड घराण्याला आपल्या सर्व योजना मिळून कोणत्याही कंपनीचे दहा टक्क्यांहून अधिक मतदानाचे शेअर ठेवता येत नाहीत, आणि एका परकीय पोर्टफोलिओ गुंतवणूकदाराला दहा टक्क्यांच्या आत राहावे लागते. म्हणजे संस्थांचा एकूण आकडा वीस टक्के दिसला तरी ती वीस टक्क्यांची एक इच्छा नसते. वेगवेगळ्या कारणांनी आलेल्या अनेक संस्थांची ती बेरीज असते. निर्देशांकावर आधारलेले फंड तर कंपनी निर्देशांकात आली म्हणून शेअर घेतात आणि बाहेर गेली म्हणून विकतात, तेव्हा अशा खरेदीत कोणाचेही मूल्यमापन नसते. तक्त्यात 'म्युच्युअल फंड' ही ओळ एका तिमाहीत अचानक फुगली, तर निर्देशांकात फेरबदल झाला होता का हे आधी पाहावे.

गुंतवणूक कंपन्यांत संस्थांचा वाटा बहुधा कमी आढळतो, आणि त्याचे कारण त्यांचा अविश्वास असतेच असे नाही. ज्या फंडाला बजाज फिनसर्व्ह हवी असेल तो तिचे शेअर थेट घेऊ शकतो, मग मधल्या कंपनीमार्फत जाऊन तिचा खर्च आणि तिच्या प्रवर्तकांची मर्जी हे दोन्ही कशाला पत्करावेत, असा त्याचा सरळ हिशेब असतो. दुसरे असे की, ज्या कंपनीत बाजारात फिरणारे शेअरच थोडे आहेत तेथे मोठ्या संस्थेला भाव न हलवता शिरता येत नाही आणि त्याहूनही वाईट म्हणजे बाहेर पडता येत नाही. उलट एखादी विमा कंपनी किंवा दीर्घ पल्ल्याचा परकीय निधी अनेक वर्षे दोन-तीन टक्क्यांवर स्थिर असेल, तर मूळ मालमत्तेच्या मूल्यापेक्षा स्वस्तात मिळणारा शेअर म्हणून त्याने तो विचारपूर्वक घेतला असण्याची शक्यता अधिक. म्युच्युअल फंडांना २०२२ च्या एप्रिलपासून सर्व ठरावांवर मतदान करणे आणि ते मत जाहीर करणे बंधनकारक आहे. फंडांच्या संकेतस्थळांवर हे तपशील मिळतात, आणि व्यवस्थापनाच्या वेतनावर किंवा संबंधित पक्षांशी होणाऱ्या व्यवहारांवर त्यांनी विरोधात मत दिले असेल तर त्यांचे कारण वाचण्यासारखे असते.

व्यक्तींच्या गटाबाबत एक फसगत हमखास होते. तक्त्यात दोन लाख रुपयांपर्यंतचे भांडवल धारण करणारे आणि त्याहून अधिक धारण करणारे असे दोन पोटगट असतात आणि वाचक पहिल्याला 'किरकोळ गुंतवणूकदार' समजतो. हे दोन लाख रुपये बाजारभावाने मोजलेले नसून दर्शनी मूल्याने मोजलेले असतात. दहा रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे दोन लाख म्हणजे २० हजार शेअर, आणि त्या शेअरचा भाव दहा हजार रुपये धरला तर तो 'लहान' भागधारक २० कोटींचा धनी निघतो. महाग शेअर असलेल्या गुंतवणूक कंपन्यांत हा पोटगट पाहून जनतेच्या सहभागाविषयी निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे. भागधारकांची संख्या, जी त्याच तक्त्यात शेजारच्या स्तंभात असते, ती अधिक उपयोगी.

कंपनीच्या आतल्या व्यक्तींची खरेदी-विक्री हा स्वतंत्र विषय आहे. सेबीच्या २०१५ च्या अंतर्गत व्यवहार प्रतिबंधक नियमांनुसार प्रवर्तक, संचालक, वरिष्ठ अधिकारी आणि ज्यांना कामाच्या ओघात अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती मिळू शकते असे नियुक्त कर्मचारी यांनी एका तिमाहीत दहा लाख रुपयांहून अधिक मोलाचे व्यवहार केले, तर ते कंपनीला आणि कंपनीमार्फत बाजाराला अल्पावधीत कळवावे लागतात. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत त्यांच्यासाठी व्यवहाराची खिडकी बंद असते, आणि एकदा खरेदी केली की सहा महिने उलट व्यवहार करता येत नाही. त्यामुळे या व्यक्ती आपल्या पैशाने खुल्या बाजारात शेअर घेतात तेव्हा त्यामागे किमान सहा महिन्यांचा धीर असतो, आणि ती नोंद लक्षपूर्वक पाहण्यायोग्य ठरते.

पण नोंद कोणत्या प्रकारच्या व्यवहाराची आहे हे तपासल्याशिवाय तिचा अर्थ लावू नये. कुटुंबातील एका सदस्याने दुसऱ्याला दिलेली भेट, कौटुंबिक न्यासाकडे झालेले हस्तांतरण, वारसाने आलेले शेअर, कर्मचारी योजनेतून मिळालेले शेअर हे सर्व आकड्यांत खरेदी-विक्रीसारखेच दिसतात आणि त्यांतून भविष्याविषयी काहीही कळत नाही. विक्रीचा अर्थ तर खरेदीपेक्षाही संदिग्ध असतो, कारण मनुष्य घर घेण्यासाठी, कर भरण्यासाठी किंवा वाटणीसाठीही विकतो. भागधारणेच्या तक्त्यात तारण शेअरचाही स्तंभ असतो, आणि तो मात्र कधीही नजरेआड करू नये: प्रवर्तकांनी आपले शेअर कर्जासाठी गहाण ठेवले असतील आणि भाव कोसळला, तर सावकार ते बाजारात विकू शकतो आणि मालकीच बदलू शकते. गुंतवणूक कंपनीच्या बाबतीत हा स्तंभ दोन्ही मजल्यांवर पाहावा, कारण प्रवर्तक गुंतवणूक कंपनीचे शेअर तारण ठेवू शकतात तशी गुंतवणूक कंपनीही आपल्याजवळचे शेअर तारण ठेवू शकते.

थोडे शेअर आणि घट्ट मालकी यांचा भावावर काय परिणाम होतो, याचा टोकाचा नमुना मुंबईच्या एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सने दाखवला. या कंपनीचे एकूण शेअर दोन लाख, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रवर्तकांकडे, आणि कंपनीकडे एशियन पेंट्सचा सुमारे तीन टक्के हिस्सा. इतकी मालमत्ता असूनही बाजारातला भाव होता ३ रुपये ५३ पैसे, कारण त्या भावाला कोणीही विकायला तयार नव्हते आणि रोजच्या भावमर्यादेमुळे तो वर सरकत नव्हता. सेबीने जून २०२४ मध्ये गुंतवणूक कंपन्यांसाठी भावमर्यादेविना विशेष लिलावाची सोय केली आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी हाच शेअर २ लाख २५ हजार रुपयांवर उघडला. वृत्तपत्रांनी त्याला चमत्कार ठरवले. वास्तविक त्या दिवशी कंपनीच्या मालमत्तेत काहीच बदलले नव्हते, आणि आधीच्या भावाला कोणाला शेअर मिळतही नव्हते, तेव्हा 'एका दिवसात लाखो झाले' हे गणित कागदापुरतेच होते.

एरवीही गुंतवणूक कंपनीचा भाव तिच्याजवळच्या शेअरच्या मूल्यापेक्षा बराच खाली असतो. एखाद्या कंपनीचे एक कोटी शेअर आहेत आणि तिच्याकडील गुंतवणुकीचे बाजारमूल्य एक हजार कोटी आहे, तर प्रतिशेअर मूल्य हजार रुपये होते, पण बाजारात तो साडेचारशेला मिळू शकतो. ही सूट पाहून मोहून जाण्यापूर्वी ती कधी भरून निघेल, हा प्रश्न मालकीच्या तक्त्यालाच विचारावा लागतो. प्रवर्तक तो साठा कधीही विकणार नसतील, त्यावरचा लाभांश पुढे पुरेसा वाटत नसतील, आणि बाहेरच्या कोणाच्याही हाती त्यांना भाग पाडण्याइतकी मते नसतील, तर सूट दहा वर्षे तशीच राहू शकते. या स्थितीत गुंतवणूकदाराने सुटीपेक्षा लाभांशाच्या इतिहासाला अधिक महत्त्व द्यावे: खालच्या कंपन्यांकडून किती आले आणि वर किती वाटले गेले, हा ताळा वार्षिक अहवालातून सहज काढता येतो.

शेवटी घरातल्या जुन्या कागदांविषयी. २००८ पूर्वीचे 'बजाज ऑटो लिमिटेड' असे छापलेले शेअर प्रमाणपत्र पेटीत सापडले, तर ते आजच्या बजाज होल्डिंग्जचे आहे आणि त्यासोबत विभाजनात प्रत्येक शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक आणि बजाज फिनसर्व्हचा एक शेअर मिळालेला असतो, हे अनेक वारसांना माहीत नसते. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतरण बंद आहे, म्हणून वारसनोंद करून ते डिमॅटमध्ये आणावे लागतात; आणि सलग सात वर्षे लाभांश उचलला गेला नसेल तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात. भागधारणेच्या तक्त्यात या निधीची स्वतंत्र ओळ असते. तेथील शेअरची मते गोठवलेली असतात, पण खऱ्या मालकाला अर्ज करून ते परत मागता येतात. एकदा शेअर डिमॅटमध्ये आले की खोडदमध्ये बसूनही मतदान करता येते: सभेची सूचना किमान २१ दिवस आधी येते, दूरस्थ ई-मतदान किमान तीन दिवस खुले राहून सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी पाचला बंद होते. संबंधित पक्षांशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारांच्या ठरावावर ते पक्ष बाजूने मत देऊ शकत नाहीत, तेव्हा निर्णय उरलेल्या भागधारकांच्या मतांवर होतो, आणि प्रवर्तकांचा वाटा कितीही मोठा असो, अशा ठरावाची सूचना तरी न वाचता बाजूला टाकू नये.